शंभरपैकी शंभर

२०२१च्या जूनमध्ये 'क्यूएस' या ब्रिटिश कंपनीने जगातल्या विद्यापीठांची वार्षिक क्रमवारी जाहीर केली आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला एका रकान्यात शंभरपैकी शंभर गुण मिळाले. हा रकाना सायटेशन्सचा होता. संस्थेतल्या संशोधकांच्या निबंधांचा हवाला जगातल्या इतर संशोधकांनी किती वेळा दिला ते मोजायचं आणि त्या संख्येला संस्थेतल्या प्राध्यापकांच्या संख्येने भागायचं, असा हा हिशोब. देशभरच्या वर्तमानपत्रांत 'जगातलं अव्वल संशोधन विद्यापीठ' अशा अर्थाचे मथळे झळकले. पुढच्या वर्षी संस्थेचा एकूण क्रमांक १५५वर पोचला. त्याच्याही पुढच्या वर्षी, २०२३च्या जूनमध्ये, तो २२५ झाला आणि मथळ्यांत 'घसरण' हा शब्द आला.

त्या बारा महिन्यांत संस्थेत काही बिघडलं नव्हतं. बदलली होती क्रमवारीची रीत. क्यूएसने काही जुन्या निकषांचं वजन घटवलं आणि पदवीधरांचा रोजगार, शाश्वतता, आंतरराष्ट्रीय संशोधनजाळं असे नवे निकष आणले. पट्टी बदलली, मोजमाप बदललं. पण अभिनंदन करणाऱ्यांनी आणि हळहळणाऱ्यांनी, दोघांनीही पट्टी हातात घेऊन पाहिली नाही.

मला ती पट्टी पाहायची आहे, आणि त्यासाठी बेंगळुरूइतकं योग्य शहर नाही. विज्ञानाचं उत्पादन आकड्यांत मोजण्याची विद्या या शहरात रुजली. ती विद्या कुठे तोकडी पडते याचे भारतातले सर्वांत ठसठशीत दाखलेही याच शहरात सापडतात.

आधी त्या शंभर गुणांविषयी. ते खोटे नव्हते. पण शेतकरी जसा पोत्यांची संख्या ऐकून थांबत नाही, एकरी उतारा विचारतो, तसं इथे भागाकारातल्या खालच्या आकड्याकडे बघावं लागतं. जमशेटजी टाटांच्या योजनेतून १९०९ साली उभी राहिलेली ही संस्था (जुने बेंगळुरूकर अजून तिला 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात) पहिल्यापासून पदव्युत्तर संशोधनासाठी घडवलेली आहे. पदवीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम इथे सुरू झाला तो थेट २०११ साली. प्राध्यापक काही शेकड्यांत, आणि प्रत्येकामागे पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांचा मोठा गट. निबंध त्या सगळ्यांच्या हातून घडतात, भागाकार मात्र प्राध्यापकांच्या संख्येने होतो. मुंबई विद्यापीठासारख्या, लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेशी तिची तुलना त्या एका रकान्यावर करणं दोघींवरही अन्याय आहे. विज्ञान संस्थेची गुणवत्ता मी कमी लेखत नाही. तिच्या रचनेमुळे हा विशिष्ट आकडा चढा येतो, एवढं वाचकाला ठाऊक असायला हवं.

भागाकाराच्या वरचा आकडाही सरळ हाती येत नाही. वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस यांसारख्या विदागारांत निबंध शोधायचा तो लेखकाच्या नावावरून आणि संस्थेच्या पत्त्यावरून. पत्ता कुणी पूर्ण लिहितो, कुणी आद्याक्षरांत. २०१४च्या १ नोव्हेंबरला शहराचं अधिकृत इंग्रजी नावही बदललं, त्यामुळे एकाच प्रयोगशाळेचे निबंध दोन शहरांत विखुरलेले दिसू शकतात. शिवाय याच शहरात विज्ञान संस्थेच्या इंग्रजी नावाशी मिळत्याजुळत्या नावाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्स आहे, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची शाखा आहे. ही गुंतवळ सोडवायचं काम ग्रंथालयातली माणसं एकेक नोंद तपासून करतात. विज्ञान संस्थेत टी. बी. राजशेखर यांच्या पुढाकाराने २००२ साली 'ईप्रिंट्स' हे निबंधांचं खुलं भांडार उभं राहिलं. देशातलं ते अशा प्रकारचं पहिलं. आपण काय छापलं याची मोजदाद परक्या कंपनीवर न सोपवता स्वतः ठेवायची, हा विचार त्यामागे होता, आणि तो आजही तितकाच खरा आहे.

नावांचा घोळ किती खोल जातो, त्यासाठी मराठी वाचकांच्या ओळखीचं एक उदाहरण घेऊ. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमला भागवत मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली याच संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. वडील नारायणराव स्वतः इथले विद्यार्थी. संचालक होते सर सी. व्ही. रामन, आणि मुलगी आहे म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाईंनी तो नकार स्वीकारला नाही. अखेर वर्षभर काम पाहून ठरवू, अशा अटीवर त्यांना घेतलं गेलं. संस्थेतल्या श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं, पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली तिथून डॉक्टरेट मिळवली. वनस्पतींच्या पेशींमधल्या सायटोक्रोम या श्वसनाशी संबंधित घटकावरचं त्यांचं काम त्याच वर्षी रॉबिन हिल यांच्यासह 'नेचर'मध्ये आलं. त्यावर नाव आहे 'के. भागवत'. १९४७ साली लग्न झालं, त्या मुंबईला आल्या, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या, पुढे त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. त्या काळातले निबंध आहेत 'के. सोहोनी' या नावावर. यंत्राच्या लेखी या दोन बाया आहेत. एकीचं काम लग्नाआधी संपतं, दुसरीचं मुंबईत सुरू होतं.

आणि समजा कुणी हाताने ही दोन नावं जोडली, तरी कमलाबाईंचं नीरेवरचं काम कुठल्या रकान्यात घालणार? ताडीच्या झाडाच्या या ताज्या रसात कोणती पोषकद्रव्यं आहेत आणि कुपोषित मुलांना, गरोदर स्त्रियांना ती कशी उपयोगी पडतात, हे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवलं. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. ते काम ज्यांच्या उपयोगी पडायचं, ती माणसं शोधनिबंध लिहीत नाहीत.

आकड्यांच्या या विद्येचे एक आद्य पुरुष बेंगळुरूचेच म्हणायला हवेत. शियाली रामामृत रंगनाथन हे मूळचे मद्रासकडचे, गणिताचे प्राध्यापक, आणि मग भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक. १९४८ साली इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पा इथल्या परिषदेत त्यांनी ग्रंथालयांच्या कामकाजाला संख्याशास्त्र लावण्याची कल्पना मांडली आणि तिला 'लायब्रमेट्री' असं नाव सुचवलं. पाश्चात्त्य जगात 'बिब्लिओमेट्रिक्स' हा शब्द रूढ झाला तो त्यानंतर दोन दशकांनी, १९६९ साली. रंगनाथन यांनी १९६२ साली बेंगळुरूला डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर सुरू केलं. देशातल्या संशोधनसंस्थांची प्रकाशनं मोजणारी पिढी इथे तयार झाली. रंगनाथन यांचा हेतू मात्र वेगळा होता. मर्यादित पैशात वाचकाला हवं ते पुस्तक वेळेवर कसं मिळेल, हा त्यांचा प्रश्न होता. अमेरिकेतही सायटेशन मोजायला सुरुवात झाली ती एका कॉलेजच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ठरवण्यासाठी, १९२७ साली. युजीन गारफिल्ड यांचा 'सायन्स सायटेशन इंडेक्स' १९६०च्या दशकात आला तोही संदर्भ शोधायचं साधन म्हणून. ज्या पट्टीने कपाटातल्या नियतकालिकांची निवड करायची, तिने माणसांची निवड होऊ लागली ती नंतर.

आता शहराच्या उत्तरेला, मेखरी सर्कलजवळ. विज्ञान संस्थेपासून फारसं लांब नाही. म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर रामन यांनी १९४८ साली स्वतःची संशोधनसंस्था उभारली. याच आवारात त्यांनीच १९३४ साली स्थापलेल्या भारतीय विज्ञान अकादमीचं कार्यालय आहे. भारतीय काम भारतीय नियतकालिकांत छापलं जावं, असा रामन यांचा आग्रह होता, आणि अकादमीची 'प्रोसीडिंग्ज' त्याचसाठी होती. तिथे १९५६ साली एस. पंचरत्नम या बावीस वर्षांच्या तरुणाचा एक निबंध आला. विषय होता ध्रुवित प्रकाशाच्या किरणांचं व्यतिकरण. प्रकाशाची ध्रुवणाची अवस्था टप्प्याटप्प्याने बदलत पुन्हा मूळ अवस्थेत आणली, तरी त्या लहरीत एक फरक शिल्लक राहतो आणि तो फरक किती, हे लहर कोणत्या वाटेने फिरून आली त्या वाटेच्या भूमितीवर अवलंबून असतं, असं पंचरत्नम यांनी दाखवलं.

त्या निबंधाकडे जवळपास तीस वर्षं कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. पंचरत्नम पुढे ऑक्सफर्डला गेले आणि १९६९ साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. १९८४ साली ब्रिस्टलच्या मायकेल बेरी यांनी पुंजयामिकीत असाच एक भौमितिक फरक शोधून काढला आणि भौतिकशास्त्रात खळबळ माजली. १९८६ साली रामन संशोधनसंस्थेतले एस. रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिलं, की हे आपल्या आवारात तीन दशकांपूर्वी होऊन गेलं आहे. बेरी यांनी ते मोठ्या मनाने मान्य केलं आणि १९८७ साली पंचरत्नम यांच्या कामावर स्वतंत्र निबंध लिहिला. आज सपाट भिंगांवर काम करणारे जगभरचे अभियंते 'पंचरत्नम-बेरी फेज' हा शब्द रोजच्या बोलण्यात वापरतात. नित्यानंद पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले, म्हणून हे नाव आपल्याकडेही परिचयाचं आहे.

नियतकालिकाचं वजन ज्या आकड्यावरून ठरवतात, त्या इम्पॅक्ट फॅक्टरचा हिशोब कसा होतो ते इथे सांगायला हवं. एखाद्या नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना चालू वर्षात मिळालेले हवाले, भागिले त्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांची संख्या. खिडकी दोन वर्षांची. पंचरत्नम यांचा निबंध त्या खिडकीतून शून्याच्या आसपास दिसला असता. त्या मुलाची १९५८ साली आजच्या नियमांनी मुलाखत झाली असती, तर त्याला नोकरी मिळाली नसती असं मला वाटतं. त्याला वाचणारा आणि ओळखणारा मामा त्याच संस्थेचा प्रमुख होता, म्हणून तो तरला. पंचरत्नम हे रामन यांचे भाचे. प्रत्येक होतकरू संशोधकाला असा मामा कुठून आणायचा?

पंचरत्नम यांचे थोरले बंधू एस. चंद्रशेखर यांची गोष्ट याच्या उलट दिशेने जाते, पण निष्कर्ष तोच. (नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेगळे, तेही रामन यांच्याच घरातले.) द्रव-स्फटिक म्हणजे प्रवाही असूनही स्फटिकासारखी शिस्त पाळणारे पदार्थ १८८८पासून माहीत होते, आणि त्यांचे रेणू काठीसारखे लांबट असतात अशी सर्वसाधारण समजूत होती. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी १९७७ साली रामन संशोधनसंस्थेत थाळीसारख्या चपट्या रेणूंचे द्रव-स्फटिक बनवून दाखवले. या थाळ्या एकावर एक रचून त्यांचे स्तंभ होतात. शोध पहिल्या प्रतीचा होता, परदेशातल्या कुठल्याही नियतकालिकाने तो आनंदाने छापला असता. त्यांनी तो अकादमीच्या 'प्रमाण' या चार वर्षांपूर्वीच सुरू झालेल्या भारतीय नियतकालिकाला दिला. छोटासा निबंध. त्यातून द्रव-स्फटिकांची एक संपूर्ण नवी शाखा निघाली आणि भारतीय नियतकालिकांत छापलेल्या सर्वाधिक हवाला मिळालेल्या निबंधांत तो गणला जातो. एलसीडी पडदा बाजूने पाहिला तरी चित्र नीट दिसावं म्हणून त्यावर जो पातळ पापुद्रा लावत, त्यात असेच चपटे रेणू वापरले गेले.

'प्रमाण'चा इम्पॅक्ट फॅक्टर तेव्हाही मोठा नव्हता, आजही नाही. आज बेंगळुरूतल्या एखाद्या तरुण संशोधिकेने आपलं सर्वोत्तम काम तिथे द्यायचं ठरवलं, तर तिचे हितचिंतकच तिला थांबवतील. बढतीच्या वेळी ते भोवेल, असं सांगतील, आणि त्यांचं चुकणार नाही. भारतीय करदात्याच्या पैशाने झालेलं काम परदेशी प्रकाशकाला द्यायचं आणि मग ते वाचण्यासाठी पुन्हा पैसे मोजायचे, हा व्यवहार याच पट्टीने पक्का केला आहे. केंद्र सरकारने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर केलेल्या 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजनेत तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये ठेवले आहेत. देशभरच्या विद्यार्थ्यांना नियतकालिकं वाचायला मिळतील, याचा आनंद आहेच. पण त्या रकमेचा छोटासा हिस्सा 'प्रमाण'सारख्या नियतकालिकांच्या वाट्याला आला असता, तर मला जास्त आनंद झाला असता.

मग मोजूच नये का? तसं मी म्हणणार नाही, कारण मोजल्यामुळेच एक दुखणं वेळेत दिसलं होतं. १९७०च्या दशकात सायटेशन इंडेक्समधल्या निबंधसंख्येत भारत जगात आठवा होता. माहितीशास्त्रज्ञ सुब्बय्या अरुणाचलम यांनी २००२ साली 'करंट सायन्स'मध्ये विचारलं, की भारतातलं विज्ञान उतरणीला लागलं आहे का? त्यांनी दिलेले आकडे बोलके होते. १९८० साली भारताचे निबंध पंधरा हजारांच्या घरात होते, २००० साली ते बारा हजारांवर आले. त्याच वीस वर्षांत चीन हजाराच्या आतून बावीस हजारांपर्यंत गेला. विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांना लागलेली उतरती कळा भाषणांतून झाकता येत होती, या आकड्यांतून ती झाकता येईना. पुढच्या दशकात 'आयसर' या विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या नव्या संस्था निघाल्या, पैसा वाढला, आणि आज निबंधसंख्येत चीन आणि अमेरिकेनंतर भारताचाच क्रमांक लागतो. देशपातळीवर, लांब पल्ल्यावर, हजारोंच्या बेरजेत ही पट्टी खरं बोलते. एका माणसावर ती लावली की अडखळते.

ती सुधारायचा प्रयत्नही बेंगळुरूत घडलेल्या एका अभियंत्याने केला. जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळा, म्हणजे एनएएल आहे. तिथले अभियंते गंगन प्रताप विमानांच्या रचनांचं गणित करता करता निबंधांच्या गणिताकडे वळले. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी २००५ साली एच-इंडेक्स आणला होता: ज्याचे वीस निबंध प्रत्येकी किमान वीस वेळा उद्धृत झाले, त्याचा एच वीस. प्रताप यांनी २०१० साली त्याला पर्याय म्हणून पी-इंडेक्स मांडला. एकूण हवाल्यांचा वर्ग करायचा, निबंधांच्या संख्येने भागायचं आणि त्याचं घनमूळ काढायचं. दोघांना हजार-हजार हवाले मिळाले, एकाला दहा निबंधांतून, दुसऱ्याला शंभरातून. तर पहिल्याचा पी येतो ४६च्या वर आणि दुसऱ्याचा २२च्याही खाली. थोडकं आणि कसदार लिहिणाऱ्याची बूज राखणारं हे सूत्र आहे, म्हणून मला ते आवडतं.

पण प्रताप ज्या संस्थेतले, तिचंच काम कोणत्याही सूत्रात बसत नाही. तेजस हे लढाऊ विमान ४ जानेवारी २००१ला बेंगळुरूच्या आकाशात पहिल्यांदा उडालं. त्याच्या कार्बन-कंपोझिट भागांमागे एनएएलची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. असं काम गोपनीय अहवालांत राहतं आणि विमानात दिसतं. इस्रोचंही तेच. अग्निबाणाच्या इंजिनातली एक सुधारणा उड्डाण यशस्वी करते आणि निबंधांच्या यादीत एका ओळीचीही भर घालत नाही. अशा प्रयोगशाळांना विज्ञान संस्थेच्या शेजारी उभं करून सायटेशन मोजणं गैर आहे, आणि जे अहवाल तसं करतात ते धोरणकर्त्यांची दिशाभूल करतात.

महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांना यातलं बरंचसं अंगावर काढून माहीत आहे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'चं मुख्यालय बेंगळुरूच्या नागरभावीत आहे. आपल्या गावातल्या कॉलेजातून किती पेपर निघाले, विद्यापीठाचा एच-इंडेक्स किती, हे तक्ते भरून तिकडे जातात. यूजीसीच्या २०१०च्या नियमांनी प्राध्यापकांच्या कामाला गुण देणारा 'एपीआय स्कोअर' आला, बढती पेपरांच्या संख्येला जोडली गेली, आणि पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणारी दुकानं गल्लोगल्ली उघडली. त्यांचा हिशोब पुण्यातच मांडला गेला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने यूजीसीच्या यादीत शिरलेली हजारावर नियतकालिकं तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन निघाली. तो अभ्यास २०१८ साली 'करंट सायन्स'नेच छापला. त्यातून मान्य नियतकालिकांची 'केअर लिस्ट' आली, पुण्यातून चालली, आणि २०२५च्या फेब्रुवारीत यूजीसीने तीही बंद केली. त्याच वर्षी राष्ट्रीय क्रमवारीत मागे घ्याव्या लागलेल्या निबंधांसाठी गुण कापायला सुरुवात झाली. त्या यंत्रणेचे तेव्हाचे प्रमुख अनिल सहस्रबुद्धे हे पुण्याच्या सीओईपीचे माजी संचालक, आणि पीएच.डी. बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेची. निर्णय योग्य आहे, उशिराच झाला.

याद्या आल्या, गेल्या, नव्या येतील. यादी माणसाला वाचण्याच्या कष्टातून सोडवते, म्हणून ती निवड समित्यांना प्रिय आहे. २०१८ साली भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने संशोधनाच्या मूल्यमापनाविषयी जे धोरण मांडलं, त्याचा गाभा एवढाच होता, की संशोधकाने कुठे छापलं यापेक्षा काय छापलं ते बघा. २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात जगभरच्या वैज्ञानिकांनी हेच सांगितलं होतं. त्याला पैसा लागत नाही, नवं सॉफ्टवेअर लागत नाही. तज्ज्ञांचा वेळ लागतो आणि निवड करणाऱ्यांची सचोटी लागते.

दिवाळी अंक वाचणाऱ्यांत शिक्षणसंस्थांचे विश्वस्त असतात, प्राचार्य असतात, विद्यापीठांच्या निवड समित्यांवर बसणारे ज्येष्ठ प्राध्यापक असतात. त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या मुलाखतीला उमेदवाराकडून पेपरांची यादी मागू नका. त्याच्या मते त्याचे सर्वांत चांगले तीन निबंध आधी मागवा, त्या विषयातल्या माणसाकडून ते वाचून घ्या, आणि मुलाखतीत त्यांच्यावरच बोला.